ग्लुकोमीटरवर साखर नॉर्मल, मग एचबीएवनसी एवढं कसं?

चवथ (गणेश चतुर्थी) झाली की आमच्याकडे गोव्यात फोंड्याला अशी केस येतेच, रिपोर्टात साखर वाढलेली आणि घरच्यांचं बोट नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) डब्याकडे. डिचोलीच्या या वहिनींचंही तेच (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). वय चाळिशीच्या पुढे, एचबीएवनसी (मागच्या साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट) 7.1, औषध अजून सुरू नाही, आणि नवरा नीट बसायच्या आधीच म्हणतो, "मॅडम, हिला विचारा, लपून गोड खाते ती."

वहिनींनी पर्समधून डायरी काढली. उपाशीपोटी 96, 102, 99, जेवणानंतर दोन तासांनी 128, 135, रात्रीचेही आकडे. "पेज खाल्ली तरी लिहिलंय, खोटं कशाला लिहू? मशीनच बिघडलंय का माझं?" डोळे भरलेले.

हा प्रश्न खूप जण विचारतात. 7.1 म्हणजे सरासरी साखर साधारण 157, आणि डायरीत तेवढा आकडा एकदाही नाही. एवढी तफावत दिसली की मी खाण्यावर जातच नाही, सीबीसीचा (रक्तपेशींच्या तपासणीचा) कागद मागते. तो फाईलमध्ये होताच, कोणी बघितला नव्हता. हिमोग्लोबिन 8.2, एमसीव्ही 68 (80 च्या खाली म्हणजे लाल पेशी लहान), आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) 19, वाढलेला. विचारल्यावर, तेही नवऱ्याला बाहेर बसवल्यावर, कळलं की पाळीत खूप रक्त जातं, वर्षानुवर्षं. बायका हे शेवटी सांगतात, काय करायचं.

एचबीएवनसी साखर थेट मोजत नाही, लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजतं, आणि पेशी जगते साधारण 120 दिवस. लोह कमी असलं की नवीन पेशी कमी बनतात, जुन्याच फिरत राहतात, त्यांना चिकटलेली साखर जास्त, म्हणून आकडा खोटा वर जाऊ शकतो.

डॉक्टरांनी फेरीटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची टेस्ट) केलं, एकदम कमी. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन टेस्ट केली तर दोन तासांनी 146, म्हणजे डायबेटीस नाही पण प्रीडायबेटीस आहे, अगदीच निर्धास्त राहायचं कारण नाही हेही मी स्पष्ट सांगितलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या (चहाबरोबर घेत होत्या, ते बंद केलं) आणि पाळीसाठी गायनॅकॉलॉजिस्टकडे पाठवलं. पुढे हिमोग्लोबिन वर आलं आणि एचबीएवनसी 6.0. नवऱ्याने माफी मागितली का ते विचारलं नाही, पण त्यानंतर डायरी तोच लिहायला लागला होता.

उलटंही होतं बरं का. नुकतंच रक्त चढवलेलं असेल, अचानक एकदम खूप रक्त गेलं असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील तर एचबीएवनसी खोटं कमी दिसतं आणि माणूस खुशीत राहतो. लोहाच्या गोळ्या नवीन सुरू केल्या की नवीन पेशी भराभर येतात, तेव्हाही काही काळ आकडा खाली येतो. अशा वेळी डॉक्टर फ्रुक्टोसामाइन ही रक्ताची टेस्ट सांगतात, ते मागच्या दोन-तीन आठवड्यांचं चित्र देतं. तुमचं मीटर आणि एचबीएवनसी जुळत नसेल तर सीबीसी घेऊन डॉक्टरांना भेटा, आणि तोवर चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका.