नवीन थार घेतली आहे. पावसाळ्यात ताम्हिणीकडच्या कच्च्या वाटांवर न्यायची तर काय तयारी करावी? केबलनं गाडी ओढून काढणारं विंच आणि गाडी उंच करणारं लिफ्ट किट आधी बसवून घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की गाडी चार महिन्यांची आहे, डिझेल मॅन्युअल फोर-बाय-फोर. फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर, अजून एकदाही टाकलेला नाही आणि तिघा मित्रांनी मिळून जुलैत जायचं ठरतंय. मग सरळच सांगते: जुलैत जाऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये तीच वाट कोरडी असताना दोनदा करून या आणि मग पावसाळ्याचं बघा. कोरड्यात चूक झाली तर गाडी अडकते. पावसात तीच चूक झाली तर गाडी घसरत जाते, आणि कुठे जाऊन थांबेल ते आपल्या हातात राहत नाही.

हे मी शहाणपणानं नाही, फजितीनं शिकले. बाबांची महिंद्राची जुनी ५४० जीप होती, पॉवर स्टिअरिंग नसलेली. मुळशीकडच्या एका पाणंदीनं आम्ही चाललो होतो, जुलैचा पहिला आठवडा. पाणंदीच्या मधोमध मोठं डबकं, पाणी चहाच्या रंगाचं, तळ दिसत नाही. डाव्या हाताला छान हिरवं, सपाट गवत. मी म्हटलं, कशाला डबक्यात घालायची, कडेनं काढू. पुढची दोन्ही चाकं गवतावर गेली आणि लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. मग मी सगळे करतात तेच केलं, ॲक्सिलरेटर दाबला. चाकं फिरली, मागे चिखलाचा फवारा उडाला आणि जीप ॲक्सलवर, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर, टेकली.

अर्ध्या तासानं डोक्यावर प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ घेतलेले एक काका आले. गाडीकडे बघितलं, मग डबक्याकडे बघितलं आणि म्हणाले, "डबक्यातनंच यायचं हुतं की. खाली दगड हाय, आमीच टाकलाय. हितं समदं उपळ हाय." उपळ म्हणजे जमिनीखालून पाणी पाझरत राहतं ती जागा. वरून हिरवळ आणि खाली नुसता गाळ. त्यांनी ट्रॅक्टर आणून जीप ओढून काढली, डिझेलचे पैसे घेतले, आणि माझ्या मागच्या चाकानं त्यांच्या खाचराचा जो बांध फुटला होता तो आमच्याकडूनच फावड्यानं नीट करून घेतला. दोन तास लागले. बरोबरच होतं त्यांचं. खाचरातलं पाणी वाहून गेलं असतं तर लावणी खोळंबली असती.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे: ज्या जागेचा संशय येतो तिथे आधी उतरायचं आणि पायानं चालून बघायचं. वहाती वाट सोडून कडेनं जायचं नाही, कारण ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांनी वर्षानुवर्षं दाबलेली जमीन वाटेच्या मधोमध असते. उभ्या पाण्याच्या डबक्यात काठी घालायची. ठक्क वाजली तर जायचं, मऊ जात राहिली तर परत फिरायचं. गावातलं कोणी दिसलं तर त्यांना विचारायचं. त्या रस्त्यावरून काल कोणाचा ट्रॅक्टर गेला आणि कुठे फसला, हे त्यांना ठाऊक असतं.

आता फोर-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगात) आणि फोर-लो. तुमच्या गाडीत, आणि मारुतीच्या जिम्नीतसुद्धा, पार्ट-टाइम पद्धत आहे, म्हणजे फोर-व्हील लागेल तेव्हाच टाकायचं. दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा डिफरन्शियल मधे नसतो, त्यामुळे फोर-व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच गतीनं फिरायला बांधले जातात. वळताना मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात किंवा खडीवर चाकं थोडी घसरून तो फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नसते, सगळा ताण शाफ्टवर आणि गिअरवर येतो, स्टिअरिंग जड लागतं, आणि लिव्हर अडकून बसतो. म्हणून डांबर लागलं की टू-हाय, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना जोर. फोर-लो टाकताना गाडी पूर्ण थांबवा आणि गिअर न्यूट्रलला आणा. चालत्या गाडीत खेचाल तर जो आवाज येईल तो विसरणार नाही. लो-मध्ये चाकाला मिळणारा जोर थारमध्ये सुमारे अडीचपट होतो, जिम्नीत दुप्पट, आणि वेग त्याच प्रमाणात उतरतो. फोर-लो अडकल्यावर टाकायची गोष्ट नाही. अवघड जागा दिसली की तिच्या अलीकडेच टाकायचं. माझ्या मते नवीन माणसाच्या निम्म्या फजित्या इथेच टळतात.

सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे हवा. रस्त्यावर टायरमध्ये ३२-३५ पीएसआय ठेवत असाल तर वाट सुरू झाली की १८-२० वर आणा. टायर थोडा बसतो, जमिनीला टेकणारा त्याचा ठसा लांब होतो, दगडाला धडकण्याऐवजी त्याच्यावरून गुंडाळल्यासारखा जातो. लोक हजारो रुपयांचे टायर बदलतात आणि हे फुकटचं काम करत नाहीत. फक्त १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटतो. आणि परत डांबरावर येण्याआधी हवा भरलीच पाहिजे, म्हणून १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर गाडीत हवा. मी एकदा घरी विसरले होते. बसलेल्या टायरवर वीसच्या वेगानं पेट्रोल पंप शोधत गेले आणि मागे एसटी हॉर्न वाजवत होती.

माती ओळखायला शिका, हे कुठल्या व्हिडिओत नीट सांगत नाहीत. मावळ-मुळशीतल्या लाल मुरमाड वाटेवरून पाणी निचरून जातं, पाऊस थांबल्यावर ती लवकर चालण्याजोगी होते. पूर्वेला देशावर गेलात की काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांमध्ये घट्ट बसते. पाच मिनिटांत भारीतले भारी मड टायरही वरवंट्यासारखे गुळगुळीत होतात. तिथे पाऊस पडला तर मी सरळ थांबते, ऊन पडायची वाट बघते. कातळाचं उलटं. कोरडा काळा कातळ टायर घट्ट धरून ठेवतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्यावर शेवाळ धरलं की उभं राहणंही मुश्किल.

चढावर गाडी बंद पडली तर क्लच दाबून मागे सोडू नका. लोक घाबरून हेच करतात आणि गाडी फक्त ब्रेकवर मागे सुटते. पायाचा ब्रेक घट्ट, हँडब्रेक वर. मग क्लच दाबून रिव्हर्स टाका, फोर-लो असू द्याच, गाडी सुरू करा, क्लच पूर्ण सोडा आणि ब्रेक हळूहळू मोकळा करा. इंजिन गाडीला धरून खाली आणतं. स्टिअरिंग सरळ. चढावर गाडी आडवी वळवायचा मोह झाला तर आवरा, गाडी बाजूवर पडते ती अशीच. उतरतानाही पहिला गिअर, लो, क्लचवर पाय नाही. बाबा म्हणायचे, उतारावर क्लच म्हणजे सुटलेला बैल. त्यांची दुसरी सूचना अंगठ्यांची. स्टिअरिंगच्या आत अंगठे अडकवू नका. दगडावर चाक आपटलं की स्टिअरिंग फिरतं. त्या ५४० नं माझा अंगठा आठवडाभर सुजवून ठेवला होता. आताच्या गाड्यांत झटका कमी बसतो, तरी सवय चांगली.

एक चाक हवेत गेलं की गाडी थांबते, याचं लोकांना नवल वाटतं. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि हवेतल्या चाकाला फिरायला जोर जवळजवळ लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्यालाही तेवढाच मिळतो. ते गरगर फिरतं आणि जमिनीवरचं गप्प. थारच्या काही मॉडेलमध्ये मागच्या ॲक्सलला आपोआप लागणारा, दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉक आहे. तुमच्यात आहे का ते माहितीपुस्तकात बघा. एक चाक दुसऱ्यापेक्षा बरंच जोरात फिरलं की तो लागतो. म्हणून अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा पुन्हा झटके देऊ नका, हलका पण सलग दाब ठेवा. फोर्सच्या गुरखामध्ये पुढे-मागे दोन्ही लॉक हातानं लावता येतात, ते लावल्यावर गाडी वळायला हट्टी होते एवढं लक्षात असू द्या.

पाणी. तुमच्या गाडीची पाण्यातून जायची मर्यादा कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. हा आकडा उभ्या पाण्याचा समजा. ताम्हिणी परिसरातला ओढा म्हणजे वाहतं पाणी. घाटमाथ्यावर तासभर कोसळला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. माझा हिशेब गुडघ्याचा: मी ओढा चालत पार करते, पाणी गुडघ्याच्या वर लागलं किंवा पाय ओढला गेला तर गाडी घालत नाही. घातली तर लो-मध्ये एकाच गिअरात, न थांबता, पुढे लाट ढकलत राहील एवढ्याच वेगात. पाण्यात इंजिन बंद पडलं तर चावी पुन्हा फिरवू नका. इंजिनात पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हा खर्च साध्या विम्यात बहुधा बसत नाही. बाहेर आल्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबून वाळवा. पुढच्या सर्व्हिसिंगला डिफरन्शियलचं तेल बघायला सांगा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय, बदलून टाका.

ओढून काढताना सगळ्यात जास्त जीव जपा. टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, दोर कधीही अडकवू नका, तो तुटला तर तोफगोळ्यासारखा येतो. गाडीच्या चौकटीला पक्का बसवलेला हूकच वापरायचा. दोरावर मधोमध ओलं पोतं किंवा जुनी गोधडी टाका, म्हणजे तुटला तरी उसळत नाही. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. आणि वाट दाखवणारा माणूस एकच. आपल्याकडे पाच जण पाच बाजूंनी "येऊ दे, येऊ दे" ओरडतात आणि धडाम झाल्यावर सहावा "बास" म्हणतो.

कुठे जाऊ नये हेही विचारात घ्या. राखीव जंगलात आणि अभयारण्यात परवानगीशिवाय गाडी घालणं गुन्हा आहे. जांभ्याच्या सड्यांवर तर कोणी विचारत नसलं तरी नेऊ नका. तिथे कातळावर जेमतेम बोटभर माती असते, तिच्यातच पावसाळी फुलं येतात, आणि चाकाचे चर वर्षानुवर्षं राहतात. नदीत रील काढायची हौस असेल तर हिमाचलातल्या लाहौलचं आठवा: डिसेंबर २०२३ मध्ये चंद्रा नदीच्या पात्रातून थार नेणाऱ्याला पोलिसांनी ३५०० रुपये दंड केला, व्हिडिओच पुरावा झाला. कोकणातल्या किनाऱ्याबद्दल एवढंच की भरती तुमच्यासाठी थांबत नाही.

राहिला विंच आणि लिफ्ट किटचा प्रश्न. लिफ्ट किट नको. २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स तुम्हाला पहिली दोन वर्षं पुरून उरेल. गाडी उंच केली की गुरुत्वमध्य वर जातो आणि आडव्या उतारावर ती लवकर कलंडते, शिवाय वॉरंटीची कटकट वेगळी. विंचही आत्ता नको. वजन पुढच्या ॲक्सलवर पडतं, आणि आपल्या माळावर केबल बांधायला भक्कम झाड मिळतंच असं नाही. त्या पैशाच्या छोट्याशा भागात चांगला कायनेटिक दोर (ताणला जाणारा), दोन शॅकल (दोर अडकवायच्या कड्या), ट्रॅक्शन बोर्डची जोडी (फसलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या), फावडं, हवा मोजायचा गेज आणि कॉम्प्रेसर येतो. उरलेल्यातून इगतपुरीकडे महिंद्रानं सुरू केलेल्या ऑफ-रोड प्रशिक्षणासारख्या ठिकाणी एक दिवस शिकून या. आणि फावडं लांब दांड्याचं घ्या. घडीचं घेतलंत तर बांध घालताना कंबर जाते.