अंग सोडलेला माणूस जड का लागतो?

"रोज बाबांना बाथरूमला न्यायला मी एकटा उठवतो, पण परवा चक्कर येऊन पडले तर आम्हा दोघांना हलेनात, बेशुद्धीत वजन वाढतं का?" असं विचारलंयस.

वजन तेवढंच राहतं रे. गंमत अशी की रोज तू त्यांचे 60 किलो उचलतच नव्हतास, बाबा पाय रोवून, तुझा खांदा धरून स्वतःच उठत होते, तू नुसता हातभार लावत होतास. परवा त्यांचा वाटा पण तुझ्यावर आला.

मी ठाण्यात 14 वर्षं पेशंट सांभाळतोय, त्यातली बरीच नौपाड्यातल्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगींत. अंग सोडलेल्या माणसाला धरायला जागाच मिळत नाही. काखेत हात घालून उचलायला जावं तर नुसते खांदे वर सरकतात, कंबर जागची हलत नाही आणि माणूस हातातून निसटतो. खेळण्यांच्या दुकानात हट्टाला पेटलेलं पोर हात वर करून अंग टाकतं ना, सेम तसं. त्यात 60 किलोच्या माणसाचे दोन्ही पाय मिळून 20 किलोच्या आसपास, डोकं चार-पाच किलोचं, आणि प्रत्येक भाग वेगळ्याच दिशेला लोंबतोय. कापसाची गादी गुंडाळून बांधली की एकटा जिना चढवतो, सुटी असली की दोघांची वाट लावते, तोच प्रकार.

आणि सगळ्यात जास्त मार कमरेला. शुद्धीतला माणूस गळ्यात हात टाकून अंगाला चिकटतो, हा लांब राहतो. पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम 5 सेंटिमीटरवर, म्हणजे 20 किलो तू 20 सेंटिमीटरवर धरलेस तर त्यांना 80 किलोचा जोर लावावा लागतो, 40 वर धरलेस तर 160 चा, तुझ्या स्वतःच्या धडाचं वजन वेगळंच. आपल्याकडच्या दहीहंडीत खालच्या थरातला पोरगा एवढे जण पेलतो कारण वरचे ताठ उभे असतात, भार सरळ खाली जातो. वरच्याने गुडघे सोडले की संपलं.

परत पडले तर उठवायच्या फंदात पडू नकोस. झोपूनच राहू दे, श्वास बघ, शुद्ध येत नसेल तर लगेच 108 ला फोन. श्वास चालू असेल आणि मानेला मार नसेल तर कुशीवर वळव. पलंगावर झोपलेले असताना सरकवायचं असेल तेव्हा अंगाखाली आडवी जाड चादर घाल, दोघांनी दोन्ही बाजूंनी कडा अंगाजवळ गुंडाळून धरा आणि एक-दोन-तीन म्हणून एकदम ओढा. उचलायचं नाही, सरकवायचं. मी हे पहिल्या वर्षी ऐकलं नाही, कमरेचा पट्टा अजून कपाटात आहे.