‘माझा अनुभव धरतील ना?’ – इंग्लंडला निघालेल्या सिस्टरला उत्तर

आयसीयूत १२ वर्षं झाली, आता इंग्लंडला यायचं चाललंय, तिथे सीनियर म्हणून घेतील का, असं तुम्ही विचारलंत. परीक्षांचे गुण, फी, व्हिसाचे कागद हे सगळं एनएमसीच्या (इथल्या नर्सेसची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या) आणि सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे, त्यात मी शिरत नाही. पण ‘माझा अनुभव धरतील ना?’ हे तुमचं वाक्य वाचल्यापासून मला चैन पडलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

धरतात, पण आपोआप धरत नाहीत. बाहेरून येणाऱ्या बहुतेक सगळ्या नर्सेस एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, बँड ५ या पगारश्रेणीपासून सुरुवात करतात, तिकडे भारतात इनचार्ज असल्या तरी. पिन, म्हणजे एनएमसीचा नोंदणी क्रमांक, हातात येईपर्यंत तर बँड ३ किंवा ४ वर, म्हणजे मदतनीसाच्या हुद्द्यावर काम. ओस्की या प्रात्यक्षिक परीक्षेच्या १० स्टेशनांमध्ये हात धुणं, मनगटावरचा पट्टा बघून नाव-जन्मतारीख विचारणं, अ‍ॅलर्जी विचारणं हे सगळं परीक्षकाला दिसेल, ऐकू येईल असं करायचं. मनातल्या मनात तपासलं तर त्याचे गुण नाहीत.

मला सगळ्यात जास्त लागलं ते आयव्हीचं, म्हणजे शिरेत सुई लावून औषध देण्याचं. तिकडे शिरा दबलेला पेशंट असला की रेसिडेंट डॉक्टर मला हाक मारायचे. इथे ट्रस्टचं (हॉस्पिटल चालवणाऱ्या एनएचएस संस्थेचं) स्वतःचं ट्रेनिंग होऊन सही मिळेपर्यंत कॅन्युला, म्हणजे शिरेतली नळी, लावायची नाही, आयव्ही औषधही द्यायचं नाही. एका रात्री एका आजीबाईंना वरचेवर टोचणं चाललं होतं, आणि मी शेजारी ट्रे धरून उभी. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर चांगली शीर होती, मला लांबूनच दिसत होती. मी ती दाखवली, दुसऱ्या नर्सने लावली. नियम बरोबरच आहे, नव्या मुलींना मीही तेच सांगते. पण त्या रात्रीचा तो ट्रे आठवला की अजून घशाशी काहीतरी येतं.

आता नोकरीचं. जाहिरातीसोबत ‘पर्सन स्पेसिफिकेशन’, म्हणजे उमेदवारात काय हवं त्याची यादी, असते. त्यातल्या एकेका मुद्द्यावर तुमच्या अर्जाला गुण देतात, आणि त्यावरच मुलाखतीला बोलवायचं की नाही ते ठरतं. ‘आयसीयूचा १२ वर्षांचा अनुभव’ या ओळीला फारसं काही मिळत नाही. किती बेडचं युनिट, व्हेंटिलेटरवरचे किती पेशंट एका वेळी सांभाळलेत, कोणती इन्फ्युजन्स, किती जणींना शिकवलंत, आणि पेशंट बिघडतोय हे तुम्ही वेळेत ओळखून कुणाला काय कळवलंत, असं मुद्द्याला मुद्दा लावून लिहा. मुलाखतीत न्यूज-२ (पेशंट किती बिघडलाय ते मोजायचे गुण), एसबीएआर (पेशंटची माहिती ठरलेल्या क्रमाने कळवायची पद्धत), सेफगार्डिंग (मुलं आणि दुबळ्या माणसांना छळापासून जपणं) हे येतंच. आणखी एक हमखास प्रश्न असतो: डॉक्टरांची चूक होताना दिसली तर काय कराल? आपल्याला अशा वेळी हळूच, आडवळणाने सुचवायची सवय असते. इथे तुम्ही थांबवलंत का, ऐकलं नाही तर वर कळवलंत का, हेच बघतात.

वॉर्ड कोणता, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. ‘अ‍ॅडल्ट नर्सिंग’ एवढंच लिहिलं असेल तर कुठेही टाकतात, आणि तिथून क्रिटिकल केअरला जायला पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. मध्येच सोडलं तर किती पैसे परत द्यावे लागतील, ते कलमही वाचा. नोकरी लावून देण्याचे पैसे एजंटने तुमच्याकडून घ्यायचे नसतात. मागितले तर तिथेच नमस्कार करा. गेल्या दोन-तीन वर्षांत परदेशातून भरती कमी झाली आहे, म्हणून घाई करून मिळेल ते घेऊ नका, असंच मी म्हणेन.

मुलीला आत्ता आणू की नंतर, असंही विचारलंत. इथे इयत्ता वयावरून ठरते, १ सप्टेंबरच्या हिशोबाने. अधल्यामधल्या महिन्यात आलात तर जवळची शाळा भरलेली निघते आणि कौन्सिल, म्हणजे इथलं स्थानिक प्रशासन, जिथे जागा असेल तिथे पाठवतं. माझी मुलगी घरी अपूर्णांकांची गणितं पटापटा सोडवायची. वर्गात बोलत नव्हती, म्हणून तिला गणिताच्या सगळ्यात खालच्या गटात बसवलं. ‘शांत आहे, छान रुळली आहे,’ असं रिपोर्टात लिहून आलं. रुळलेली नव्हती, गप्प झाली होती. पालकसभेच्या दिवशी माझा लाँग डे, म्हणजे दिवसभराची लांब ड्यूटी, होता. पुढे तिचा गट बदलला, तिला आता त्यातलं काही आठवतही नाही. माझ्या मनातून मात्र तो रिपोर्ट जात नाही. आणलंत तर पहिल्याच आठवड्यात तिची तिकडची वही घेऊन शाळेत जा आणि बाईंसमोर उघडून ठेवा.

एकटेपणा असतो. लाँग डे करून आल्यावर तो जाणवायलाही अंगात त्राण नसतं, सुट्टीच्या दिवशी जाणवतो. निभतं.

मी आज क्रिटिकल केअरमध्ये बँड ६ वर आहे. पगार, मुलीचं शिक्षण, रजा यांबद्दल तक्रार नाही. पण तिकडे राउंडला मोठे डॉक्टर आधी माझ्याकडे बघायचे, ते इथे पुन्हा कमवावं लागलं, आणि ते पूर्ण मिळालं का हे मला अजून ठरवता येत नाही. तुम्ही या की येऊ नका, हे म्हणूनच माझ्याकडून ऐकू नका.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. मेट्रनकडून अनुभवाचं पत्र घ्या, नुसतं ‘समाधानकारक काम’ असं नको. युनिट, बेड, मशीन्स, इनचार्ज म्हणून केलेल्या ड्यूट्या, सगळं तारखांसकट. राजीनामा दिल्यावर असं पत्र मिळणं फार कठीण होतं.