मराठी अंडरग्राउंड रॅप लोकांपर्यंत पोचवायला स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर गाणी टाकली तर चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा: "मी कॉलेजात आहे, स्वतः रॅप करत नाही. आपल्याकडे भारी मराठी रॅपर्स आहेत, पण त्यांना कुणी ओळखत नाही. त्यांची गाणी एकत्र करून माझ्या चॅनलवर टाकली तर चालेल का? सगळ्यांना क्रेडिट देईन. अजून काय करता येईल?"

नाही चालणार.

प्रश्नात "क्रेडिट देईन" नसतं तर मी पुढे सरकलो असतो. क्रेडिट वेगळं, परवानगी वेगळी. वर्णनात तळाला "ऑल राइट्स टू द आर्टिस्ट" लिहिल्याने दुसऱ्याचं गाणं आपल्याकडे लावायचा हक्क मिळत नाही. उचललंय कुणाचं, एवढीच काय ती नोंद होते.

हिशोब बघ. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला चॅनलला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो. शॉर्ट्सचा दुसरा रस्ता आहे, ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज, तो अंडरग्राउंडवाल्याने विसरावा. तीन मिनिटांचं गाणं वीसदा पूर्ण वाजलं की एक तास भरतो, म्हणजे ४,००० तासांना ८०,००० वेळा. लोक निम्म्यात उठून जातात हे धरलं तर १,६०,०००. अशात तुझ्या चॅनलवर त्याच गाण्याला २०,००० व्ह्यूज मिळाले, तर रॅपरच्या खात्यात त्यातले तास शून्य. कमेंटीही तुझ्याकडेच पडतात. "भावा, कॉलेजच्या फेस्टला येशील का, नंबर दे" ही कमेंट तुझ्या व्हिडिओखाली आली आणि तू ती आठ दिवस पाहिलीच नाहीस, तर त्याचा एक पैसे मिळणारा शो गेला.

माझा एक मित्र या मुद्द्यावरून गेली काही वर्षं मला गेटकीपर म्हणतोय. "गाणं पोचणं महत्त्वाचं, कुठून पोचलं ते सोड." बरं, पोचलं. ऐकणाऱ्याला पुढचं गाणं ऐकावंसं वाटलं तर तो कुठे जाणार? तुझ्या चॅनलवर, जिथे पुढचं गाणं भलत्याच कुणाचं आहे. रॅपरच्या चॅनलवरून लिंक दिली असती तर तिथे त्याची बाकीची सात गाणी समोर आली असती.

आता बीटचं, म्हणजे रॅपखाली वाजणाऱ्या संगीताचं त्रांगडं, कारण इथेच सगळे अडकतात. अंडरग्राउंडमधली बरीच गाणी लीजवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या बीटवर असतात. यूट्यूबवर टाइप बीट (एखाद्या नावाजलेल्या रॅपरच्या ढंगाची बीट) शोधली, ती बनवणाऱ्या प्रोड्यूसरकडून स्वस्तातलं लीज घेतलं, गाणं काढलं. लीज म्हणजे मालकी नव्हे. तीच बीट प्रोड्यूसर आणखी पन्नास जणांना देऊ शकतो, एमपी३ लीज असेल तर स्टेम्स (प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल) मिळत नाहीत, आणि किती स्ट्रीम्सपर्यंत वापरायची त्याची मर्यादा कागदावर असते. नुसतं "फ्री" लिहिलेली बीट तर बहुतेक वेळा पैसे न कमावण्याच्या अटीवरच फ्री असते. "फ्री फॉर प्रॉफिट" (पैसे कमवायलाही मोकळी) ही वेगळी गोष्ट, आणि तिथेही प्रोड्यूसरचं नाव द्यायची अट असते.

घोळ कसा होतो? पन्नासातला एक जण गाणं डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी कंपनी) चढवताना कंटेंट आयडीच्या (यूट्यूबवर तोच आवाज आपोआप शोधणारी यंत्रणा) चौकोनात टिक मारतो. लीजच्या बीटवर तो चौकोन रिकामाच ठेवायचा असतो, पण तिथे वाचतो कोण! झालं, आता त्याच बीटवरच्या बाकीच्या एकोणपन्नास गाण्यांवर त्याच्या नावाने क्लेम, म्हणजे "हे माझं आहे" असे दावे, लागायला लागतात. ज्याने नियमाने लीज घेतलं त्याच्याच गाण्याचे पैसे दुसरीकडे वळतात. अशा वेळी घाबरून व्हिडिओ काढायचा नाही. क्लेमवर डिस्प्यूट टाकायचा, कारण म्हणून लायसन्स निवडायचं, लीजची तारीख, बीटचं मूळ नाव आणि प्रोड्यूसरचं नाव लिहायचं, पावती आणि पीडीएफ हाताशी ठेवायची. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. क्लेम लागल्यापासून पाच दिवसांत डिस्प्यूट टाकला तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला राखून ठेवले जातात. उशीर केला तर मधल्या दिवसांचे गेले.

यात तू कुठे येतोस? तुझ्या चॅनलवर तेच गाणं असेल तर तुलाही क्लेम लागेल, आणि तुझ्याकडे दाखवायला कागद नाही. लीज रॅपरच्या नावावर आहे. कित्येक लीजमध्ये फक्त त्याच्याच चॅनलची परवानगी असते, म्हणजे त्याने तुला "टाक भावा" म्हटलं तरी बीटवाल्याने म्हटलेलं नसतं. आणि क्लेमऐवजी थेट कॉपीराइट स्ट्राइक (व्हिडिओ काढून चॅनलला दिलेली ताकीद) आला, असे ९० दिवसांत तीन झाले, की चॅनल बंद.

मग करायचं काय? यूट्यूबवरच प्लेलिस्ट कर. व्हिडिओ मूळ चॅनलवरचे असल्यामुळे व्ह्यूज, तास, कमेंटी सगळं ज्याचं त्याला. वीस-पंचवीस गाणी पुरे, एका रॅपरची दोनच. शंभर गाण्यांची प्लेलिस्ट म्हणजे गोदाम, कुणी ऐकत नाही. पहिली तीन गाणी नवख्याला लगेच कळतील अशी ठेव, चार मिनिटांचं अवघड गाणं सातव्या-आठव्या जागी. प्लेलिस्टच्या नावात देवनागरी आणि रोमन दोन्ही लिहायचं, कारण लोक मराठी गाणं शोधतात रोमनमध्ये आणि स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. गावाचं, जिल्ह्याचं नाव टाक. व्हॉट्सॲपवर पाठवताना एमपी३ पाठवू नकोस, व्हिडिओ डाउनलोड करून तर अजिबात नको. लिंक पाठव, आणि गाणं उशिरा पेट घेत असेल तर शेअर करताना सुरुवातीची वेळ लावायची सोय आहे ती वापर.

नावाचा घोळ तर इतका आहे की निम्मं काम तिथेच आहे. अमरावतीचा १००आरबीएच घे. उच्चार "सौरभ", लिहायचं मात्र शंभराचा आकडा आणि पुढे तीन रोमन अक्षरं. शोमध्ये ऐकून घरी येऊन शोधणाऱ्याला तो सापडणार कसा? म्हणून कुणाबद्दलही लिहिताना नाव तो लिहितो तसं, उच्चार कसा, गाव कुठलं, आणि थेट लिंक, एवढं एका ओळीत दे. एकाच नावाचे दोन रॅपर असले की स्पॉटिफायवर एकाचं गाणं दुसऱ्याच्या पानावर जाऊन बसतं. असं दिसलं तर पोस्ट टाकून हसू नकोस, त्याला मेसेज कर. डिस्ट्रिब्युटरला सांगून ते हलवता येतं. डिस्ट्रिब्युटर बदलणाऱ्यांनी जुनाच आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) द्यावा, नवा घेतला तर आधीचे स्ट्रीम्स जोडले जात नाहीत.

स्पॉटिफायबद्दल दोन गोष्टी. २०२४ पासून गाण्याला मागच्या बारा महिन्यांत निदान १,००० स्ट्रीम्स नसतील तर रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत, आणि ३० सेकंदांच्या आत बदललेलं गाणं स्ट्रीममध्ये धरत नाहीत. हे कळलं की फॅन लोक "रात्रभर म्यूट करून लूपवर लावा" अशा मोहिमा काढतात. कृपा करून काढू नका. बनावट स्ट्रीम्स पकडले जातात, दंड डिस्ट्रिब्युटरला बसतो, तो गाणं काढून टाकतो किंवा पैसे रॅपरकडून वळते करतो. पैसे घेऊन प्लेलिस्टमध्ये घालणाऱ्यांचंही तेच. "अमुक पैशांत दहा हजार स्ट्रीम्स" म्हणजे बॉट्स. तुझ्या प्रेमापोटी त्याचं गाणं उडालं, असं व्हायला नको. बेचाळीस माणसांनी महिन्यातून दोनदा नीट ऐकलं तर वर्षाला १,००८ होतात. एवढं छोटं गणित आहे ते.

आता माझा खरा दुखरा भाग. बोल लिहून काढणं. रॅप न करणाऱ्या माणसाने करण्यासारखं याहून मोठं काम नाही, आणि याहून वाईट दुसरं कुठलंच केलं जात नाही. वऱ्हाडी रॅपर "मले" म्हणतो, लिहिणारा "मला" करतो. "काऊन"चं "का" होतं, मालवणी "माका"चंही "मला" होतं. वर ऐटीत सांगतात, "सगळ्यांना कळावं म्हणून." अरे, यमक गेलं ना! वऱ्हाडीत आणि खानदेशात ळ चा य होतो. काळा म्हणजे "काया", त्याला तो "माया", "छाया" जोडतो. तू "काळा" लिहिलंस की वाचणाऱ्याला वाटतं या पोराला यमक जुळवता येत नाही. आगरी-कोळ्यांत तोच "काला" होतो आणि "नाला"शी जुळतो. "पानी" म्हटलंय तिथे "पाणी" लिहिणारे तर ढिगाने आहेत. मला गेटकीपर म्हणणारा तो मित्र हेही काम करतो आणि शुद्धलेखन तपासून करतो. शाळेत बाईंनी ज्या बोलीवरून पोरांना हसवलं, तीच बोली माइकवर ताठ उभी राहिली, तर तिलाही लाल शाई?

पद्धत सांगतो. गाणं अर्ध्या वेगाने लाव, चार-चार बार (चार ठोक्यांचा एक बार) ऐक. जसं ऐकू येतं तसं देवनागरीत लिही, ओळ बारवर मोड. न कळलेला शब्द अंदाजाने भरू नकोस, जागा सोड आणि रॅपरलाच विचार. बहुतेक जण त्याच दिवशी उत्तर देतात, उलट खूश होतात. अवघड शब्दांचे अर्थ खाली वेगळे, ओळीत घुसवायचे नाहीत. त्याने तपासलं की ते त्याच्याच वर्णनात जाऊ दे. स्पॉटिफायवर दिसणारे बोल म्युझिक्समॅच या गाण्यांच्या बोलांच्या साइटकडून येतात, तिथे ओळींना वेळ लावायचं कामही तू करू शकतोस. आणि प्रत्येक पोस्टमध्ये "रॅप म्हणजे आजचा पोवाडा" लिहायचं थांबव. पोवाडा ऐकलेला माणूस असं सरसकट म्हणत नाही.

रीलसाठी तुकडा कापताना बारच्या मध्ये कापू नकोस. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) सोळा बार म्हणजे साधारण ४३ सेकंद, १४० च्या ड्रिलला (रॅपचा एक प्रकार) साधारण साडेसत्तावीस. गाणं इन्स्टाग्रामवर असेल तर त्याचाच ऑडिओ निवड. स्क्रीन रेकॉर्ड करून चढवलंस तर तो तुझा "ओरिजिनल ऑडिओ" होतो आणि पुढे वापरणाऱ्या प्रत्येकाला तुझं नाव दिसतं. सायफरला (रॅपर गोल जमून आळीपाळीने रॅप करतात तिथे) शूट करत असशील तर स्पीकरला चिकटून उभा राहू नकोस, बास फाटतो आणि शब्द बुडतात. रॅपरच्या समोर दोन पावलांवर, स्पीकर त्याच्या बाजूला, स्पीकरचा आवाज त्याच्या आवाजाच्या जरा खाली. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही, ते पोलिसांनी येऊन सांगायची वाट बघू नये.

पैसे द्यायचे तर सरळ यूपीआय, टीशर्ट किंवा शोचं तिकीट. कलाकाराकडून थेट गाणी विकत घ्यायची बँडकॅम्प ही साइट छान आहे, पण तिथला पैसा पेपालमधून फिरतो आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातला व्यवहार बंद केलाय. तिथून परदेशातल्या मराठी माणसाला घ्यायला सांग.

इतकं ओरडून झाल्यावर एक कबूल करतो. परवानगी घेऊन गाणी टाकणारी चॅनल्स असतात आणि काही चांगली चालतात. तुला तेच करायचं असेल तर लेखी घे, मेसेज असला तरी चालेल, पण त्यात गाणं कुठलं, चॅनल कुठलं, जाहिराती लावायच्या की नाही, पैशांची वाटणी काय आणि "काढ" म्हटल्यावर किती दिवसांत काढणार, हे असलंच पाहिजे. बीटचं लीज बघायला माग. हक्कच लिहून घेणार असशील तर तो मेसेजचा खेळ नाही, सही केलेला कागद लागतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे त्यात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर भारत. हे रॅपरलाही सांग, त्याला बहुधा माहीत नसतं.

आणि राजकीय गाणी, परवानगी असली तरी, आपल्याकडे चढवू नकोस. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज मुंगसे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपर्सवर गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. असं काही झालं की गाणं ठेवायचं, काढायचं की तात्पुरतं लपवायचं, हे गाणारा आणि त्याचा वकील ठरवतात. त्याने स्वतःचं काढलं आणि तुझ्या चॅनलवरची कॉपी तशीच वाजत राहिली, वर त्याचं नाव, गाव, इन्स्टाग्रामसकट क्रेडिट, तर निस्तरायचं त्यालाच आहे.