बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसू नका

नवी गाडी घेतलीत, अभिनंदन! पण वहिनींना बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसू देऊ नका. जोरात ब्रेक लागला की आठ-दहा किलोचं लेकरू हातांत धरून राहत नाही, आणि धडक झाली तर एअरबॅग उघडते ती थेट त्याच्यावर. बाळाची सीट मागेच लावा, तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. पट्टा आवळल्यावर खांद्याशी चिमटीत धरून बघा. चिमटीत आला तर अजून सैल आहे. जाड स्वेटर आधी काढा. (१४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा नसेल तर १,००० रुपये दंडही आहे.) उन्हात दुधाची पिशवी आणायलासुद्धा त्याला बंद गाडीत सोडू नका, काच थोडी उघडी ठेवून भागत नाही. माझा पुतण्या एकदा रांगत गाडीमागे आला होता, आरशात दिसलाच नाही. आता रिव्हर्स घेण्याआधी मी उतरून मागे बघतो, रोज.