एकाच घरात दोन मस्लक (पंथ-विचार) असतील तर एकमेकांचा मान राखून कसे वागावे?

तुम्ही लिहिले आहे की वडील दर्ग्याला मानणारे, मामू तबलीगवाले, आणि दर सणाला जेवणाच्या दस्तरख्वानावर वाद होतो. कुणाचा अपमान न करता आपले मत कसे सांगावे, हा तुमचा प्रश्न. मी जुन्या नाशकात राहतो, बडी दर्गा घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. आमच्या घरात हे सगळे होऊन गेले आहे, म्हणून लिहितो.

आधी एक मतभेद सांगतो, जो आमच्याकडे कधी पेटलाच नाही. हनफी आणि शाफई हे सुन्नींमधले धर्मनियमांचे दोन मान्य पंथ. आम्ही हनफी. मोठी भाभी रत्नागिरीकडची, म्हणजे शाफई, कोकणातले बहुतेक मुसलमान शाफईच. सावली वस्तूच्या लांबीइतकी वाढली की शाफईंची असरची (दुपारनंतरच्या नमाजची) वेळ लागते, हनफींची दुप्पट झाल्यावर. त्यामुळे आमच्या मशिदीत अजान व्हायच्या आतच भाभीची नमाज झालेली असायची. रुकूत (नमाजमध्ये कमरेतून वाकायला) जाताना ती हात उचलते, आम्ही नाही. कोळंबीवर हनफी उलेमांमध्येच दोन मते आहेत आणि दादी ती खात नसे. भाभीला मात्र कोळंबीशिवाय चैन नाही. तिने वेगळी कढई आणि वेगळे उलथणे ठेवले होते. दादी ते कालवण तोंडात घालायची नाही, पण त्यासाठी लसूण सोलायला रोज तीच बसायची.

त्याच दादीच्या पहिल्या बरसीला (मृत्यूच्या वर्षदिनाला) घर फुटायची वेळ आली. धाकटा भाऊ कॉलेजात असताना अहले हदीसच्या (दर्गा-फातिहा न मानणाऱ्या पंथाच्या) विचारांचा झाला होता. अब्बा पुलावाच्या ताटासमोर फातिहा द्यायला (कुरआन वाचून मृतासाठी दुआ करायला) बसले आणि तो पाहुण्यांसमोर म्हणाला, "अब्बा, ही बिदअत आहे, धर्मात नंतर घुसवलेली गोष्ट. दादीला यातले काही पोचत नाही." अब्बांचे हात दुआसाठी उचललेले, ते तसेच राहिले. आणि मी काय केले? सगळ्यांसमोर त्याला "वहाबी" म्हणालो, आमच्याकडे ती शिवीच. अब्बांची बाजू घेतोय असे मला वाटत होते. पुढचे दोन महिने तो सगळ्यांची जेवणे उरकल्यावर स्वयंपाकघरात एकटा जेवायचा. कुरआनातल्या सूरह हुजुरातची अकरावी आयत एकमेकांना वाईट नावांनी पुकारायला मनाई करते, हे मला माहीत होते. तरी तोंडातून शब्द गेला, आणि त्याची लाज अजून वाटते.

कोळंबीवरून भांडण का झाले नाही आणि फातिहावरून का झाले, यावर मी पुष्कळ विचार केला. दादीने भाभीच्या ईमानावर कधी शंका घेतली नाही. "तिच्या इमामांचे तसे आहे," एवढेच म्हणायची. बरसीला आम्ही दोघांनीही मसल्याचे (धर्मनियमाच्या मुद्द्याचे) बोलणे सोडून माणसाचेच मोजमाप केले. म्हणून माझे पहिले सांगणे हे: शिर्क (अल्लाहच्या बरोबरीने दुसऱ्याला मानणे), बिदअत, गुस्ताख (पैगंबरांचा अपमान करणारा), वहाबी, कबरपुजे, हे शब्द घरातल्या माणसासाठी वापरायचेच नाहीत. मत कितीही पक्के असो.

दुसरे, समोरचा जे करतो ते तो काय समजून करतो, हे त्यालाच विचारा. आमचे गाडे तिथूनच हलले. एका रात्री भावासमोरच मी विचारले, "अब्बा, फातिहा देताना तुम्ही मनात काय म्हणता?" ते म्हणाले, "अल्लाहला म्हणतो, मी जे वाचले त्याचा सवाब, त्याचे पुण्य, माझ्या आईला दे. दुसरे काय म्हणणार?" भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मागणे अल्लाहकडेच आहे. पद्धत मला पटत नाही, पण मी समजत होतो ते हे नव्हे." त्यानेच मग बुखारी या संग्रहातली हदीस (पैगंबरांची आठवण) सांगितली. साद बिन उबादा यांनी हुजूरांना, म्हणजे पैगंबरांना (स.) विचारले होते, आई वारली, तिच्या वतीने सदका (दान) दिला तर तिला फायदा होईल का? उत्तर होते, हो. अब्बांना ती हदीस पाठच होती. दोघे एकाच जागी उभे होते आणि आम्हाला ते ठाऊक नव्हते.

मोठ्यांशी चारचौघांत वाद घालू नका. एकांतात बोला, तेही त्यांनी विचारले तर. फॅमिली ग्रुपवर मौलानांच्या क्लिपा टाकणे आम्ही पूर्ण बंद केले, कारण त्या क्लिपा दुसऱ्याला हरवायलाच पाठवल्या जातात. तरावीहला (रमजानमधल्या रात्रीच्या नमाजला) भाऊ आमच्याच मशिदीत शेवटच्या सफमध्ये (रांगेत) उभा राहतो, आठ रकातींनंतर (नमाजच्या आवर्तनांनंतर) कुणाच्या समोरून न जाता निघतो. अब्बा वीस पुऱ्या करतात. घरी आल्यावर कुणी कुणाला आकडा विचारत नाही.

मात्र सगळे एकच आहे असे खोटे म्हणू नका. दर्ग्याबद्दल या दोघांचे आजही पटत नाही आणि पटवून घ्यायची गरजही नाही. आणि कुणी मतावरून वाळीत टाकायची किंवा कब्रस्तानात जागा न देण्याची भाषा करत असेल, तर तो अदबीचा प्रश्न उरत नाही. महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

यंदाच्या बरसीला अब्बांनी आतल्या खोलीत फातिहा दिली. भाऊ तिथे बसला नाही. तो खाली रिक्षात पुलावाची डेग चढवत होता. दादीच्या नावाचा सदका म्हणून सिव्हिल हॉस्पिटलच्या बाहेर पेशंटच्या नातेवाइकांना वाटून आला. अब्बांनी विचारले, "पुरला का?"

"चार-पाच जणांना कमी पडला. पुढच्या वर्षी दोन किलो तांदूळ वाढवा."