रायखेनाउ बेट: शेतकऱ्यानं चर्च पाहून काय करायचं?

प्रश्न: ताई नमस्कार, पोरगा स्टुटगार्टला नोकरीवर आहे, जूनमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. तो म्हणते बोडेन सरोवरातलं रायखेनाउ बेट दाखवतो, जुने चर्च आहेत तिथं. आम्ही वरूडकडचे संत्रावाले, आम्हाला त्यातलं काय समजणार? अन् एका दिवसात होते का?

उत्तर: भाऊ, नक्की जा, तुम्हाला तर सगळ्यात जास्त समजन! बेट चार-साडेचार किलोमीटर लांब, पायी होऊन जाते, अन् चर्चच्या भिंतीपर्यंत भाजीचे वावरं अन् काचेचे ग्रीनहाऊस, काकडी, टमाटे, सॅलड, पाणी सरोवरातूनच उचलतात. आधी तिथं द्राक्षं फार होती, १९२८-२९ च्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीनं वेली गेल्या अन् लोक भाजीपाल्याकडे वळले. बागा वाळताना आपणही पाहिल्या आहेत, मी तर ते ऐकून बांधावरच थांबली होती.

बेटावरचा ख्रिस्ती मठ ७२४ मध्ये पिर्मिन नावाच्या साधूनं सुरू केला, २००० पासून जागतिक वारसा यादीत आहे. स्टेशन काठावर, तिथून बस पकडा, ती १८३८ मध्ये सरोवरात भराव टाकून केलेल्या रस्त्यावरून बेटावर नेते, दोन्ही बाजूनं पॉपलरचे उंच झाडं. आधी लागते ओबरत्सेल ही वस्ती, तिथलं सेंट जॉर्ज चर्च सोडू नका. भिंतीवर येशूचे चमत्कार काढले आहेत, दहाव्या शतकातले, वादळात डुलणारी नाव, मेलेला लाझारस उठतो ते. अजून एक चौदाव्या शतकातलं चित्र आहे, सैतान गाईचं कातडं ताणून धरतात अन् चर्चमध्ये बाया ज्या गप्पा मारतात त्या त्यावर लिहून घेतात, वहिनींना दाखवा. फक्त मे ते सप्टेंबर आत गाईडसोबतच सोडतात, श्वासाच्या ओलाव्यानं रंग खराब होतात म्हणून, तर वेळ पोराला आधीच पाहायला लावा.

मग चालत मिटलत्सेल, मोठं मठाचं चर्च. बाजूला औषधी वनस्पतींची बाग आहे, नवव्या शतकात इथंच मठाधिपती असलेल्या वालाफ्रीड स्ट्राबोनं बागेवर लॅटिन कविता लिहिली त्यावरून लावलेली. त्याची कविता सुरू होते ती अंगाला लागली की आग करणारी आग्या वनस्पती उपटण्यापासून, शेणखताच्या टोपल्या, हाताला घट्टे, पुढे भोपळ्याचा वेल कसा तणावे सोडून चढते ते. बडीशेप, पुदिना, खसखस सगळं आहे. पोराला म्हणा जर्मन पाट्या वाचून दाखव, अन् घाई करू नका. शेवटचं चर्च निडरत्सेलला, वेळ उरला तर जा, नाही तर राहू द्या, बाग मात्र सोडू नका.